नकाशाने गिळलेली विहीर

१

“मैडम जी, थारे नक्शे नै म्हारा कुआँ खा लिया.”

लतिका प्रधान यांनी दार उघडायचा अवकाश, हे वाक्य त्यांच्या तोंडावर येऊन आदळलं. दारात बेरीखेड्याची कांता उभी होती. ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, चपलांना चिखल, आणि मागे गावातल्या आणखी दोन बायका. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीच्या वॉचमनने तिघींना खाली बराच वेळ अडवून ठेवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळतच होतं. लतिकाबाईंनी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं आणि बसायला सांगितलं. कांता बसली नाही.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बेरीखेडा म्हणजे द्वारका आणि गुडगावच्या मधलं एक लहानसं गाव. आजूबाजूची शेतं केव्हाच विकली गेली होती आणि त्यांच्यावर ‘आरोहण सिटी’ नावाचे मनोरे उभे राहत होते. गावची जुनी विहीर तेवढी शिल्लक होती. बिल्डरने आधी तिच्या भोवतीची झाडं तोडली, मग पत्रे ठोकले, मग काठाचे दगड उचलून नेले. आता त्याचा माणूस म्हणत होता की ही तुमची विहीर नव्हेच, हा कुठलातरी जुना खड्डा आहे; तुमची ऐतिहासिक विहीर आमच्या पार्कात सुखरूप आहे, पटत नसेल तर त्या मराठी लोकांचा नकाशा बघा. सोमवारी जिल्हा कचेरीतले साहेब पाहणीला येणार, आणि ते हो म्हणाले की जेसीबी लावून खड्डा बुजवणार.

“पोती होई सै म्हारै,” कांता म्हणाली. तिच्या सुनेला मुलगी झाली होती. बाळंतीण बाहेर पडू लागली की तिला वाजतगाजत विहिरीवर नेऊन पूजा करायची, ही त्यांच्याकडची रीत. आजवर ती फक्त मुलगा झाला की व्हायची. कांताने गावाला ठणकावून सांगितलं होतं की मी नातीसाठी करणार. आणि आता विहीरच जात होती.

नकाशा लतिकाबाईंचाच होता. म्हणजे त्यांच्या मंडळाचा. दिल्लीतल्या मराठी मंडळींनी दोन वर्षं खपून ‘घरबसल्या दिल्ली’ नावाची वेबसाइट केली होती. कॉम्प्युटरवर दिल्लीचा नकाशा उघडायचा, त्यावरच्या लाल खुणेवर क्लिक केलं की आपण त्या जागी उभे. माउस फिरवावा तसा फोटो चहूबाजूंनी फिरतो, वर पाहता येतं, खाली पाहता येतं, आणि तिथलंच एखादं माणूस आपल्या आवाजात त्या जागेची गोष्ट सांगतं. शाळा ती वापरत होत्या, वर्तमानपत्रांत फोटो आले होते. बेरीखेड्याच्या विहिरीची गोष्ट कांताने सांगितली होती, आणि ती टेप करायला लतिकाबाई स्वतः गेल्या होत्या.

त्यांनी नकाशा उघडला. लाल खूण जागेवर नव्हती. ती सरकून आरोहण सिटीच्या पार्कात जाऊन बसली होती. क्लिक केलं तर नवा फोटो. कापलेली हिरवळ, तिच्या मधोमध चकचकीत विहीर, आणि काठाला तेच जुने दगड, दोरानं घासून खाचा पडलेले. काठावर पूजा मांडलेली होती. हळदकुंकू वाहिलेलं, घडी घातलेल्या खणावर तांदूळ आणि नारळ. सगळं कसं साजरं, नांदतं. आणि त्या फोटोवर आवाज मात्र जुनाच चालू झाला: “यो म्हारा कुआँ सै. म्हारी सास भी अठै आई थी, मैं भी आई...”

कांताने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. स्वतःचा आवाज ऐकला आणि तिने तोंड फिरवलं. एका बाईचा आवाज चोरून तिच्याच विहिरीविरुद्ध साक्ष द्यायला उभा केला होता. लतिकाबाईंनी एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले होते, खोटी आग पाहिली होती, खोटे अपघात पाहिले होते. इतका नीचपणा त्यांनी पाहिला नव्हता.

फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘जागेची चूक दुरुस्त केली. मानस गुप्ते.’

२

“मानसच आहे तो,” मंडळाच्या अध्यक्ष शालिनीताई राजवाडे फोनवर शांतपणे म्हणाल्या. “मला कालच कळलं. तुला करणारच होते फोन.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“काय करू मग? पोरगा सव्वीस वर्षांचा. त्याची कंपनी त्या बिल्डरची वेबसाइट करते, म्हणजे दबाव आलाच असणार. आपण आरडाओरडा केला तर नोकरी जाईल त्याची. लतिका, तुला अशी माणसं हाताळायची सवय आहे. तू त्याच्याशी गोडीत बोल, कबूल करून घे आणि विषय संपव. सोमवारी मी जाते पाहणीला. मंडळाने दोन्ही जागा तपासल्या, आधीची चुकीची होती, असं सांगून टाकते. पोराचं नाव कुठे येणार नाही.”

“आणि विहीर?”

“अगं, पार्कात आहे ना ती. दगड तेच आहेत.”

लतिकाबाईंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते. जुन्या फोटोची प्रत होती, पण तिचा उपयोग शून्य. त्यातली झाडं आता नव्हती, मागची शेतं नव्हती, आणि ओळख पटवणारे दगडच पार्कात नेऊन बसवले होते. गाववाल्यांनी काही म्हटलं की बिल्डरचा वकील म्हणायचा, यांना मोबदला हवाय. उरला होता फक्त मंडळाचा शब्द, आणि तो शब्द सोमवारी विहिरीच्या विरुद्ध पडणार होता. हे काम कोणी केलं ते पुराव्यानिशी कळल्याशिवाय तो फिरवता येणार नव्हता.

त्या मेट्रोने गुडगावला गेल्या. मानसने त्यांना कंपनीच्या कॅन्टीनमध्ये बसवलं. दिल्लीत जन्मलेला, दिल्लीत वाढलेला पोरगा, मराठी बोलताना दर चार शब्दांना अडायचा. त्याने समोरच्या कॉफीला हात लावला नाही.

“काकू, आईशप्पथ मी नाही केलं. मी का करू यार? ती साइट मी बनवली आहे.”

“तुझ्या नावाने झालंय.”

“माझ्या नावाने सगळंच होतं. मी सगळ्यांना अलग अलग अकाउंट बनवून दिले होते. कोणी वापरलं? गणपतीत ताई म्हणाल्या, हे सगळं कोण लक्षात ठेवणार, तुझाच पासवर्ड दे. मी बोर्डवर लिहून टाकला. तुम्ही पण तोच वापरता.”

हे खरं होतं. लतिकाबाई थोड्या वरमल्या. मंडळाची रीतच ती: कपाटाच्या चाव्यांपासून पासवर्डापर्यंत सगळं एकाच्या गळ्यात घालायचं, आणि वापरायचं मात्र सगळ्यांनी.

“ठीक आहे. आपण टेप करायला गेलो होतो, त्या दिवसाचं काय आठवतं तुला?”

“सब कुछ. त्यांच्याकडे कोणाला तरी बेबी झाला होता, लेडीज गात होत्या. शेणाने काहीतरी ड्रॉ केलं होतं, प्लससारखं, माझा पाय पडणार होता तर कांताआंटीने मला खेचलं. मग हातावर गूळ ठेवला आणि ते, काय म्हणतात, उबले हुए गेहूँ. मी दोनदा मागून खाल्ले.” तो थांबला. “काकू, त्या आता मला बघतील तर काय बोलतील?”

लतिकाबाईंनी खोटी रडणारी माणसं खूप पाहिली होती. हा त्यातला वाटत नव्हता. पण वाटण्याला विमा कंपनीत कोणी विचारत नसे, आणि इथेही विचारणार नव्हतं.

३

फोटो काढणारा विश्वजित जाधव मुनिरकात एका खोलीत राहायचा. फौजीचा मुलगा, छावण्याछावण्यांतून वाढलेला. त्याच्या भिंतीवर आरोहण सिटीचे मनोरे लटकत होते, संध्याकाळच्या उन्हात सोनेरी झालेले. लतिकाबाईंचा पारा तिथेच चढला.

“हे तू काढलेस?”

“काढले,” विश्वजित म्हणाला. “ब्रोशरसाठी. काकू, मंडळाचं काम मी फुकट करतो. खोलीचं भाडं कुठून देऊ?”

“मग पार्कातली विहीरही तूच काढली असशील.”

त्याने कॉम्प्युटर पुढे ओढला, तो फोटो उघडला आणि खाली सरकवला. हिरवळीवरून एक वेडीवाकडी रेघ गेली होती, जिथे दोन तुकडे जोडले होते तिथे. “ही शिवण बघा. असा फोटो मी काढला असता तर बाबांनी पट्ट्याने फोडून काढलं असतं मला. हा बिल्डरच्या माणसाने काढलाय. ते स्वतःचा फोटोग्राफर ठेवतात. पण आपल्या साइटवर चढवला कोणी, ते मला माहीत नाही.”

“त्या दिवसाचं सांग. टेपच्या दिवसाचं.”

“फार हाल झाले. गुळावर माशा घोंघावत होत्या, त्या लेन्सवर बसत. नव्या बाळंतिणीने काठाखालच्या विटांवर हाताचे पंजे उमटवले, ते मस्त आले फोटोत. जुन्या फोटोत खाली पाहिलं की दिसायचे. चिखल इतका, की ताईंची गाडी लांब रस्त्यावरच थांबवावी लागली. आपण परत आलो तेव्हा त्या झोपल्या होत्या आत. मीच काच ठोकून उठवलं.”

तिथून लतिकाबाई श्याम उजगऱ्यांच्या कॉलेजात गेल्या. श्यामराव इतिहास शिकवायचे आणि नकाशावरचा सगळा मजकूर त्यांनी लिहिला होता. नगरकडच्या ख्रिस्ती घरातला, बारीक आवाजाचा, पण मुद्द्यावर आला की कोणाच्या बापाचंही न ऐकणारा माणूस. बेरीखेड्याच्या विहिरीवरून मंडळात सर्वांत जास्त भांडण त्यांनीच केलं होतं.

“तुम्ही म्हणायचात, ती विहीर महत्त्वाची नाही,” लतिकाबाईंनी सरळच विचारलं.

“मी म्हणायचो, ती मराठ्यांनी बांधलेली नाही. शालिनीताईंना तिथे मराठ्यांचा तळ हवा होता. पुरावा नव्हता, मी लिहिलं नाही. मी वयाबद्दल भांडलो, जागेबद्दल नाही.” त्यांनी चष्मा काढला. “जागेबद्दल कसा भांडेन? मी कांताजींच्या शेजारी बसलो होतो ना दिवसभर. गाणी ऐकली, पूजा पाहिली. त्या पूजेत सगळं त्यांच्या शेतातलं. गहू, हरभरा, गूळ, शेण. बाजारातून आणलेलं काही नाही. फार आवडलं मला ते. लिहिलंय मी मजकुरात, वाचलं नाहीत का?”

लतिकाबाईंनी वाचलं होतं. त्या घरी निघाल्या तेव्हा तिघांचं म्हणणं डोक्यात फिरत होतं. तिघांपाशी संधी होती, दोघांपाशी कारण होतं, आणि तिघेही एकाच दिवसाबद्दल बोलत होते. त्यात काहीतरी खटकत होतं. पण ते तिघांच्या बोलण्यात नव्हतं, दुसरीकडेच कुठेतरी होतं.

४

शनिवारी सकाळी शेजारच्या ब्लॉकमधली कृतिका निरोप घ्यायला आली. तिच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली होती. सवाष्ण बाई कायमची चालली, म्हणजे रिकाम्या हाती कशी पाठवायची? लतिकाबाईंनी तिला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, कपाटातून खण काढला. दिल्लीत खण मिळत नाही, म्हणून पुण्याला गेल्या की त्या दहाबारा आणून ठेवत. खणाची घडी तिच्या पदरात ठेवली, वर ओंजळभर तांदूळ, नारळ घेतला, शेंडी तिच्याकडे केली.

आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

“काय झालं, काकू?” कृतिकाने विचारलं.

लतिकाबाईंनी नारळ तिच्या पदरात ठेवला, तिला नीट निरोप दिला, दार लावलं आणि धावत जाऊन कॉम्प्युटर उघडला. पार्कातली विहीर. खण, खणावर तांदूळ, त्यावर नारळ, नारळाची शेंडी विहिरीकडे. कोणीतरी त्या विहिरीची ओटी भरली होती.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. चार दिवस त्या हाच फोटो बघत होत्या, आणि त्यांना काही वावगं दिसलं नव्हतं. दिसणार कसं? ती त्यांच्याच घरातली पूजा होती. बेरीखेड्यात खण कुठला? नारळ कुठला? तिथे शेणाचं स्वस्तिक, गुळाचे खडे आणि उकडलेले गहू. बिल्डरच्या माणसाला पूजा मांडायला सांगितली असती तर त्याने झेंडूच्या माळा टाकल्या असत्या आणि उदबत्त्या खोचल्या असत्या. ओटी त्याच्या सात पिढ्यांना माहीत नव्हती. म्हणजे मांडणारा हात मराठी.

त्यांनी मानसला फोन लावला. “ओटी कशी भरतात रे?”

“काकू, ते आई करते काहीतरी. का?”

“काही नाही. जेव नीट.”

आता मात्र एकेक धागा सुटत गेला. मानसला ओटी माहीत नव्हती. श्यामरावांच्या घरात ती भरली जात नसे. विश्वजितला ती ठाऊक असेलही. पण यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. तिघांनीही ती खरी पूजा डोळ्यांनी पाहिली होती. एकाने खाल्ली होती, एकाने टिपली होती, एकाने लिहून काढली होती. त्यांच्यातल्या कोणाला खोटी पूजा मांडायची असती, तर ती हुबेहूब खरीसारखी मांडता आली असती. गूळ आणि गहू काय, कुठेही मिळतात.

ही पूजा मांडणाऱ्याला एवढंच माहीत होतं की त्या विहिरीची पूजा होते. कशी होते, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

५

वसंत कुंजातल्या शालिनीताईंच्या दिवाणखान्यात चहा आला, सोबत चकली आली. ताई पासष्टीच्या, शिडशिडीत, इस्त्रीची सुती साडी. मंडळ त्यांनी पंचवीस वर्षं सांभाळलं होतं, हे त्यांचे शत्रूही मान्य करत.

“बोललीस मानसशी? कबूल झाला?”

“होईल,” लतिकाबाई म्हणाल्या. “ताई, फक्त एक सांगा. आपण टेप करायला गेलो होतो त्या दिवशी विहिरीवर पूजा चालली होती. काय काय होतं तिथे? सोमवारी साहेबांनी विचारलं तर आपल्या दोघींचं एक यायला हवं.”

“अगं, न आठवायला काय झालं? किती प्रसन्न वाटत होतं. हळदकुंकू, नारळ, खण, बायका ओटी भरत होत्या. मी तर तेव्हाच म्हटलं, बघा, मराठ्यांच्या खुणा अजून कशा टिकून आहेत तिथे.”

लतिकाबाईंनी कप खाली ठेवला.

“ताई, तिथे यातलं काहीसुद्धा नव्हतं.”

लतिकाबाईंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, दावा नाकारताना सांगायच्या तसं. खण आणि नारळ. ते तिघे, आणि त्यांनी काय पाहिलं. रस्त्यावर थांबलेली गाडी आणि वर केलेली काच. “तुम्ही त्या विहिरीपर्यंत कधी आलाच नाहीत. त्याचंही मला एवढं नाही, चिखल होता. पण नंतर दोन वर्षांत नकाशा उघडून एकदासुद्धा पाहिली नाहीत? खाली माउस फिरवला असतात तर ते पंजे दिसले असते, ते गहू दिसले असते. उद्घाटनाचं बटण तुम्हीच दाबलंत ना?”

शालिनीताईंनी चकलीची बशी बाजूला सारली. मग त्यांनी मान वर केली, आणि त्या मुळीच ओशाळल्या नव्हत्या. ते पाहून लतिकाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हॉल देणार आहेत ते आपल्याला,” ताई म्हणाल्या. “आरोहण सिटीत. स्टेज, शंभर खुर्च्या, वर वाचनालय. माझ्या नावावर नाही, मंडळाच्या नावावर. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शाळा भाड्याने घेऊन गणपती बसवते. पोरांना मराठी येईना झालं. त्यांना एक छप्पर नको? पार्कातली विहीर अगदीच उघडीबोडकी दिसत होती, म्हणून मी ओटी भरली. बाईच्या जातीला शोभेल असंच केलं. एका पडक्या विहिरीसाठी हॉल सोडू?”

“पडकी ती त्यांनी पाडली म्हणून. आणि ती तुमची नव्हती, ताई. दान करायला निघालात ते कांताचं. तिचा आवाज तिथे लावलात, तिला खोटं बोलायला लावलंत, आणि हे सगळं एका पोराच्या नावावर टाकून वर मला सांगता, त्याला सांभाळून घे. पोरांना मराठी शिकवणार म्हणता. हे शिकवणार का, की दुसऱ्याचं उचलून आणा आणि वर आपलं हळदकुंकू वाहा?”

“झालं तुझं?” शालिनीताई उठल्या. “नारळ आणि खण हा पुरावा नसतो, लतिका. तुला जास्त माहीत आहे. सोमवारी मंडळातर्फे मीच बोलणार, आणि काय बोलायचं ते मी ठरवलंय.”

त्यांचं बरोबर होतं. कचेरीतल्या साहेबांना ओटी समजावत कोण बसणार?

६

सोमवारी पत्र्यांच्या आत सगळे जमले. एका बाजूला बिल्डरचा माणूस आणि वकील. दुसऱ्या बाजूला बेरीखेड्याच्या बायका, पुढे कांता. मागे मानस, विश्वजित आणि श्यामराव. जेसीबी सुरू करून ठेवलेला होता, जणू निकाल आधीच लागला होता. आतली जमीन खणून खणून इतकी उलटीपालटी केली होती की जागोजागी खड्डेच खड्डे, काहींत पावसाचं पाणी. काठाचे दगड काढलेली विहीर त्यांच्यातच कुठेतरी होती.

साहेब तरुण होते, घामाघूम झाले होते, आणि त्यांना हे लवकर संपायला हवं होतं. शालिनीताई गाडीतून उतरून थेट त्यांच्यासमोर आल्या. त्या सुरेख हिंदी बोलायच्या. आमच्या मंडळाने दोन्ही जागा स्वतः पाहिल्या आहेत, आधीची खूण चुकीच्या जागी होती, ती आम्ही दुरुस्त केली, खरी विहीर पार्कात आहे. साहेब मान डोलवत लिहून घेऊ लागले. कांता काहीतरी बोलायला पुढे झाली, तिला वकिलाने हात करून थांबवलं.

लतिकाबाई पुढे गेल्या.

“सर, मैं भी मंडल की हूँ. बस एक बात. मैडम ने कहा, दोनों जगहें ख़ुद देखी हैं. तो उनसे कहिए, पुरानी वाली जगह दिखा दें. यहीं है, इन्हीं पतरों के अंदर.”

साहेबांनी खांदे उडवले. “हाँ मैडम, दिखा दीजिए. मुझे लिखना तो पड़ेगा ही.”

शालिनीताईंनी समोर पाहिलं. मग डावीकडे, मग उजवीकडे. चहूकडे खड्डे. त्यांची नजर बिल्डरच्या माणसाकडे गेली. त्याने हनुवटी किंचित हलवली, ती साहेबांनी पाहिली. ताई पदर सावरत त्या दिशेने निघाल्या, एका खड्ड्यापाशी थांबल्या, पुढे गेल्या, दुसऱ्यापाशी थांबल्या. बेरीखेड्याची एकही बाई हसली नाही. शेवटी एका चौकोनी खड्ड्याकडे बोट दाखवून ताई म्हणाल्या, “यही था.”

त्या खड्ड्यात सिमेंटच्या खांबाच्या सळया उभ्या होत्या.

साहेबांनी कांताकडे पाहिलं. “आप बताइए.”

कांता चालू लागली, उलटीपालटी जमीन तुडवत, खाली न बघता. इतर बायका तिच्या मागे. एका ढिगाऱ्यापाशी येऊन तिने हातांनी माती बाजूला केली, आणि खाली बारीक जुन्या विटांची गोल भिंत दिसली, आत आत उतरत गेलेली. एका विटेवर पुसटसे पंजे होते.

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा शालिनीताईंकडे पाहिलं. “मैडम, आपने यह जगह कभी देखी है?”

शालिनीताई गाडीकडे वळल्या. साहेबांनी जेसीबीवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं, आणि वकिलाला सांगितलं की पार्कातले दगड आठ दिवसांत होते तिथे आले पाहिजेत. मानस मातीत मटकन खाली बसला. कांता त्याच्याजवळ गेली, डोक्यावर एक टपली मारली आणि म्हणाली की उठ, कपडे खराब होतील.

दुसऱ्या दिवशी लतिकाबाईंनी खूण परत जागेवर आणली, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पासवर्डने. त्यांना वाटलं होतं, मंडळात आता निदान शरमेने चार दिवस शांतता असेल. झालं उलटंच. हॉल गेल्याचं सगळ्यांना कळलं, आणि फोन सुरू झाले. पहिला राजाभाऊंचा, मंडळाच्या खजिनदारांचा. इतकं ताणायची काय गरज होती, ताईंचं वय बघायचं, घरातलं घरात मिटवायचं. लतिकाबाईंनी ऐकून घेतलं. दुसरा फोन कौशल्याबाईंचा. शंभर खुर्च्या होत्या हो, आणि वर वाचनालय, आपल्या माणसांचं नुकसान करून काय मिळवलंत? तोही ऐकून घेतला.

तिसरा फोन मारुती साने यांचा होता. त्यांनी नमस्कारही केला नाही. “लतिकाबाई, त्या हरियाणवी बायकांच्या एका विहिरीपायी तुम्ही आख्ख्या मंडळाचा हॉल घालवलात.”

“तुम्ही पाहिली आहे ती विहीर?”

“मी कशाला बघायला जातोय?”

“मग जाऊन या,” लतिकाबाई म्हणाल्या. “रविवारी कांताच्या नातीची पूजा आहे तिथे. रस्ता सापडेल, नकाशा आता बरोबर आहे.” आणि त्यांनी फोन ठेवला.